वाचकांचे प्रश्न : विटा झेलणारे हात

मागील अंकात ग्रामीण खेळाडूंविषयी लिहिताना अमेरिकन फुटबॉलमधील जेरी राइस याचा उल्लेख केला होता. गवंड्याचा मुलगा, विटा झेलत मोठा झाला, एवढेच त्या दोन ओळींत होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझे वडील गवंडीकाम करतात आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या हाताखाली बिगारी म्हणून जातो. जेरी राइसने विटा झेलून हात तयार केले हे खरे आहे का, की माणूस मोठा झाल्यावर मागाहून रचतात तशी ही गोष्ट आहे? खरी असेल तर माझ्यासारख्याला या कामाचा खेळात उपयोग होईल का?
— एक विद्यार्थी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : गोष्ट खरी आहे आणि राइसने ती स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातील स्टार्कव्हिलचा. पण तो वाढला क्रॉफर्ड या हजाराच्या आतल्या वस्तीच्या खेड्यात. हे खेडे ज्या पट्ट्यात येते तो पट्टा तिथे काळ्या मातीसाठीच ओळखला जातो. त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला, आणि तो पिकवणारे हात आधी गुलामांचे व नंतर बटईने जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे होते. तू पऱ्हाटीच्या वावराच्या धुऱ्यावर बसून हे वाचत असशील, तर ते गाव तुला फार परके वाटणार नाही. राइसच्या जन्माच्या जेमतेम दोन आठवडे आधी, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळू नये म्हणून तिथे दंगल उसळली होती. तीत दोन माणसे मारली गेली आणि केंद्र सरकारला सैन्य पाठवावे लागले. काळ्या आईबापांच्या पोटी त्या राज्यात त्या महिन्यात जन्मलेल्या मुलासमोर काय वाढून ठेवले होते, याची कल्पना यावरून यावी.

त्याचे वडील विटांचे बांधकाम करणारे गवंडी होते आणि घरात आठ भावंडे होती. सुट्टीत मुलगे वडिलांच्या हाताखाली कामाला जात. जेरी परांचीवर उभा राही आणि खालून भाऊ विटा फेके. एकावर एक चार विटा रचून एकदम वर भिरकावल्या की त्या हवेत सुट्या होत, एखादी डावीकडे जाई, एखादी उजवीकडे, आणि त्या चारही झेलायच्या असत. हे इतक्या वेळा केले की पुढे विचार करावा लागतच नसे, हात आपोआप जात, असे राइस सांगतो.

तुझे पत्र आल्यावर मी आमच्या गावात चाललेल्या एका बांधकामावर जाऊन तासभर बसलो. खालचा गडी दोन विटा जोडून वर फेकत होता. वरचा गडी वीट हाताला लागण्याच्या आधीच हात तिच्याबरोबर मागे न्यायला लागायचा, त्यामुळे वीट पंजावर आदळत नव्हती, हातातच हळूहळू मंदावत होती. ज्याचा हात ताठ राहतो त्याची बोटे ठेचतात. तिथल्या एका नव्या पोराच्या अंगठ्याला त्यामुळेच चिंधी बांधलेली होती. दुसरी गोष्ट नजरेची. जुना गडी फेकणाऱ्याकडे पाहत नाही, विटेकडे पाहतो, आणि वीट पंजात आल्यावरही क्षणभर त्याची नजर तिच्यावरच असते. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबून आलेला चेंडू झेलणाऱ्याला शिकवतात त्या या दोनच गोष्टी: हात मऊ ठेवा आणि चेंडू पूर्ण हातात येईपर्यंत नजर हलवू नका. तो चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, चामड्याचा, चारशे ग्रॅमच्या थोडा वरचा असतो. आपल्याकडची भाजकी वीट अडीच-तीन किलोंची असते. लहानपणापासून विटा झेललेल्या माणसाला तो चेंडू जड वाटणार नाही, हे उघड आहे.

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर मात्र मला जपून बोलायचे आहे. आमच्या गावातल्या त्या घरावर त्या दिवशी वीट झेलणारे पाच जण होते. मिसिसिपीतही तशी शेकडो मुले असतील, आणि त्यांतून राइस एकच झाला. वडिलांच्या हुनरीने त्याला हात दिले हे मी मान्य करतो. गरिबीने त्याला घडवले असे जे लिहिले जाते ते मला मान्य नाही. गरिबीने त्याच्या वाटेत अडचणीच घातल्या, आणि त्या काय होत्या हे पुढच्या उत्तरांत येईल. तू कामावर जातोस तर विटा झेलण्याचे काम मागून घे, पण वाढत्या वयात डोक्यावरची ओझी मर्यादेत ठेव, आणि धावण्याचा सराव त्यासाठी बुडवू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळेतून मधल्या सुट्टीत पळून जातो आणि मैदानावर सापडतो. गुरुजींनी दोनदा बोलावून घेतले. मी त्याचे खेळणे बंद करावे असे घरच्यांचे म्हणणे आहे. तुम्ही ज्याच्याविषयी लिहिले त्याच्या आईने काय केले होते?
— एक आई, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुमच्या पत्राने मला आश्चर्य वाटले, कारण राइसच्या आयुष्यात नेमका हाच प्रसंग आहे. तो बी. एल. मूर या गावाकडच्या शाळेत शिकत होता आणि वर्ग चुकवून बाहेर फिरताना शाळेतल्या वरिष्ठांच्या तावडीत सापडला. त्यांची चाहूल लागताच तो पळत सुटला. त्या शाळेत अशा वेळी चामड्याच्या पट्ट्याचे फटके मिळत, आणि ते चुकले नाहीत. पण ज्या माणसाने त्याला पळताना पाहिले त्याने दुसरीही गोष्ट केली: हा मुलगा किती वेगाने पळतो हे त्याने फुटबॉलच्या प्रशिक्षकाला जाऊन सांगितले. राइस संघात आला तो असा, चुकीची शिक्षा भोगून आणि त्याच चुकीतून दिसलेल्या गुणाची दखल घेतली गेल्यामुळे. शिक्षा आणि दखल ही दोन कामे एकाच माणसाने एकाच दिवशी केली, हे मला फार मोलाचे वाटते. तुमच्या मुलाच्या गुरुजींना भेटाल तेव्हा तो पळून कुठे जातो याबरोबरच तो पळतो कसा, हेही त्यांना विचारा.

त्याच्या आईला हा खेळ आवडत नव्हता. धडका बसतात, हाडे मोडतात असा तो खेळ आहे, आणि तिने त्याला आधी विरोधच केला. ती जितकी अडवू लागली तितका मुलगा हट्टाला पेटला, तेव्हा तिने विरोध सोडला. शाळा मात्र सुटली नाही. अमेरिकेत त्या खेळाची वाट शाळा आणि महाविद्यालयातूनच जाते. शाळेच्या संघातून विद्यापीठाच्या संघात, आणि तिथून व्यावसायिक संघात. शाळा सोडलेल्या मुलाला ती वाट बंद असते. हे आपल्या मुलाला जरूर सांगा, कारण आपल्याकडेही शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांतून निवड होते आणि पटावर नाव नसलेल्या मुलाला त्यांत उतरता येत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि मुलांचे खेळही मीच घेतो. आमची मुले जिल्ह्याच्या निवड चाचणीला जातात आणि घड्याळावर मागे पडून परत येतात. राइसचा वेग फारसा नव्हता असे मी वाचले. असे असेल तर तो निवडला कसा गेला आणि टिकला कसा? खेळाचे नियमही थोडक्यात सांगावेत.
— एक शिक्षक, रिसोड तालुका, जि. वाशिम

उत्तर : गुरुजी, आधी नियम. या खेळाचे नाव फुटबॉल असले तरी चेंडू बहुतांश हातानेच खेळला जातो. मैदान शंभर यार्डांचे, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन होतो आणि त्याचे सहा गुण मिळतात. क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा, आणि रिसीव्हर हा पुढे धावत जाऊन तो झेलणारा. राइस रिसीव्हर होता.

आता निवडीविषयी. शाळेत उत्तम खेळूनही त्याला पहिल्या दर्जाच्या एकाही विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. घराजवळचे मोठे विद्यापीठही त्यात आले. खेड्यातली छोटी शाळा, तिचे सामने पाहायला जातो कोण? त्याची दखल घेतली ती मिसिसिपी व्हॅली स्टेट या इटा बेना गावच्या लहानशा विद्यापीठाने. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी काढलेली ही संस्था, आणि तिचे प्रशिक्षक आर्ची कूली यांनी त्या मुलात काय आहे हे ओळखले. कूली चेंडू सतत हवेत ठेवणारा खेळ खेळवत. विली टॉटन हा फेकणारा आणि राइस हा झेलणारा अशी जोडी जमली, आणि १९८४ च्या हंगामात त्या संघाने सामन्यामागे सरासरी साठच्या आसपास गुण केले. राइसने त्या हंगामात २७ टचडाऊन झेलले. त्याला विद्यापीठात ‘वर्ल्ड’ म्हणत, कारण जगातला कोणताही चेंडू त्याच्या हातातून सुटत नाही अशी तिथली समजूत होती.

तरीही व्यावसायिक संघांना शंका होतीच. चाळीस यार्ड धावण्याच्या चाचणीत त्याची वेळ उठून दिसण्यासारखी नव्हती, आणि लहान विद्यापीठातले आकडे कितपत खरे मानायचे असा प्रश्न विचारला जात होता. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलातल्या टीव्हीवर त्याचा खेळ पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात ठसला होता. त्यांचा संघ नुकताच विजेता ठरलेला, आणि नवे खेळाडू आळीपाळीने घेण्याच्या वार्षिक निवडीत विजेत्यांची पाळी शेवटी येते, त्यामुळे १९८५ च्या निवडीत त्यांचा क्रमांक सगळ्यात शेवटचा, अठ्ठाविसावा. तोवर राइस राहणार नाही हे ओळखून वॉल्श यांनी न्यू इंग्लंड संघाशी अदलाबदल केली आणि सोळाव्या क्रमांकावर त्याला घेतले. त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते. ते दोघेही चांगले खेळाडू होते, पण आज त्यांची नावे प्रामुख्याने राइसच्या आधी निवडलेले म्हणून घेतली जातात.

पहिल्या हंगामात सुरुवातीला त्याच्या हातून झेल सुटू लागले. विटा झेलणाऱ्याच्या हातून! प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कारण साधे होते: वॉल्श यांच्या पद्धतीत कुठल्या पावलावर वळायचे, समोरचा खेळाडू अमुक जागी उभा असेल तर वाट कशी बदलायची, हे शेकडो तऱ्हांनी पाठ करावे लागे, आणि डोक्यात पावलांचा हिशेब चालू असताना नजर चेंडूवर राहत नव्हती. ९ डिसेंबर १९८५ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाविरुद्ध त्याने दहा झेलांत २४१ यार्ड मिळवले, आणि मग तो थांबला नाही. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे त्याला बाराच सामने मिळाले, त्यांत त्याने २२ टचडाऊन झेलले; हा विक्रम वीस वर्षे टिकला.

तुम्हाला मुलांना दाखवण्यासारखे काही हवे असेल तर त्याचा सराव दाखवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला एका उद्यानात सुमारे चार किलोमीटरची चढण आहे. हंगाम संपला की इतर खेळाडू विश्रांती घेत, हा तिथे ती चढण धावत असे. त्याच्याबरोबर धावायला आलेल्या अनेकांना ती झेपली नाही. दुसरी सवय त्याहून साधी. सरावात पाच यार्डांचा छोटा झेल घेतला, तरी तो तिथे थांबत नसे. दर वेळी मैदानाच्या टोकापर्यंत पूर्ण वेगाने धावत जाई आणि मग परत येई. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत समोरचे खेळाडू थकलेले असत आणि याचे पाय पहिल्या मिनिटासारखे चालत. घड्याळ चाळीस यार्डांची एक सरळ धाव मोजते, तीही ताज्या पायांनी. वेग न गमावता वळणे, चेंडू आल्यावर वेग वाढवणे आणि साठाव्या धावेतही पहिल्या धावेइतका वेग ठेवणे, या गोष्टी त्या घड्याळाला दिसत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या चाचण्यांतही शंभर मीटरची एकच धाव घेऊन मुलांना घरी पाठवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कबड्डी आणि खो-खो या वळण्याच्या आणि दमाच्या खेळांची निवडही त्याच एका धावेवर होताना मी पाहिली आहे. ती पद्धत बदलण्यासाठी शिक्षकांनीच लेखी आग्रह धरावा.

टिकण्याविषयी थोडे. २२ जानेवारी १९८९ रोजी मायामीत सिनसिनाटीविरुद्धच्या अंतिम सामन्यात, घोटा दुखावलेला असताना, त्याने ११ झेलांत २१५ यार्ड मिळवले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सामना संपायला तीन मिनिटे असताना संघ तीन गुणांनी मागे होता आणि ९२ यार्ड जायचे होते. त्यांपैकी ५१ यार्ड राइसच्या तीन झेलांचे होते. सिनसिनाटी २०–१६ ने हरले. फोर्टीनायनर्सबरोबर त्याने असे तीन अंतिम सामने जिंकले. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात डाव्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. सलग १८९ सामने खेळलेला माणूस पहिल्यांदा दुखापतीने बाहेर बसला. तो साडेतीन महिन्यांत परतला, टचडाऊन झेलला, आणि त्याच झेलात पडून गुडघ्याची वाटी फुटली. ही घाई चुकीची होती असे माझे मत आहे, आणि मुलांना हा प्रसंग सांगताना तोही भाग सांगावा. पुढच्या वर्षी पूर्ण बरा होऊन तो पुन्हा खेळला. ओकलंडच्या संघाकडून २००२ च्या हंगामात, वयाची चाळिशी गाठताना, त्याने बाराशेहून अधिक यार्ड मिळवले. एकंदर वीस हंगाम, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, २०८ टचडाऊन. यार्डांचे किलोमीटर केले तर जवळजवळ एकवीस होतात, आणि प्रत्येक पाऊल कोणीतरी खाली पाडायला टपलेले असताना टाकलेले. त्याच्या नंतरच्या क्रमांकावरील लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ यार्डांवर थांबला.

प्रश्न : हा खेळ आपल्याकडे मुलींना खेळता येईल का?
— एक विद्यार्थिनी, धारणी, जि. अमरावती

उत्तर : धडकांचा खेळ नको, त्याला शिरस्त्राण, खांद्याचे कवच असे महागडे साहित्य लागते आणि त्याशिवाय तो खेळणे धोक्याचे आहे. पण त्याचाच एक प्रकार फ्लॅग फुटबॉल नावाने खेळला जातो. त्यात पाच-पाच खेळाडू असतात, कमरेला कापडी पट्ट्या लावलेल्या असतात आणि समोरच्याला पाडण्याऐवजी त्याची पट्टी ओढायची असते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे, आणि तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या बैठकीत झाला. एक चेंडू, दहा पट्ट्या आणि सपाट मैदान असले की सुरुवात करता येते.

प्रश्न : तुमचा उल्लेख वाचून नातवाने मला राइसचे जुने झेल मोबाईलवर दाखवले. सगळे झेलणाऱ्याचेच कौतुक करतात. विद्यापीठात ज्याने त्याला चेंडू फेकले त्याचे पुढे काय झाले?
— एक निवृत्त टपाल कर्मचारी, सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : काका, हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही. विली टॉटनने १९८४ च्या एका हंगामात ५६ टचडाऊनचे चेंडू फेकले होते, आणि विद्यापीठ पातळीवरचे कितीतरी विक्रम त्याच्या नावावर लागले. व्यावसायिक खेळात मात्र त्याला जम बसवता आला नाही. १९८७ मध्ये खेळाडूंचा संप असताना बदली खेळाडू म्हणून बफेलोच्या संघाकडून तो काही सामने खेळला, त्यापुढे तिथे त्याचे नाव दिसत नाही. राइसने त्याच वर्षी २२ टचडाऊनचा विक्रम केला.

टॉटन प्रशिक्षणाकडे वळला आणि २००२ ते २००९ या काळात इटा बेनाच्या त्याच विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक होता. राइसने सप्टेंबर २००५ मध्ये खेळ सोडला. डेन्व्हरच्या संघात त्याला मागच्या फळीत बसावे लागणार होते आणि ते त्याला मान्य नव्हते. २०१० मध्ये ओहायोतील कँटन येथे त्याला खेळातील सर्वोच्च सन्मान मिळाला. इटा बेनाच्या मैदानाला १९९९ मध्येच नवे नाव दिले गेले होते, आणि त्या नावात दोघेही आहेत: राइस–टॉटन स्टेडियम.